अण्णांच्या अप्सरा

आमच्या कऱ्हाडच्या गल्लीत अजूनही चार-दोन माणसं अशी सापडतील, ज्यांना खात्रीने वाटतं की मी अमेरिकेत अप्सरांवर पीएच.डी. केली. याचं सगळं श्रेय अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील. मंडईजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि काउंटरखाली एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश. मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की, "अण्णा, माझं काम निम्फवर आहे, इथल्या ओढ्यांमधल्या." फोन ठेवून त्यांनी शब्दकोश उघडला. निम्फ म्हणजे अप्सरा, जलदेवता. आता ओढ्यातल्या म्हटल्यावर शंका घ्यायला जागाच कुठे उरली? संध्याकाळपर्यंत शेजारच्या चष्मेवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत बातमी पोचली होती. आईने तेवढं विचारलं, "यासाठी एवढ्या लांब कशाला जायला हवं होतं गं?"

मी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं की निम्फ म्हणजे पाण्यातल्या किड्याचं पिल्लू. ओढ्याच्या तळाशी, दगडांखाली वर्षभर राहतं, मग एक दिवस वर येऊन त्याला पंख फुटतात. अण्णा म्हणाले, "म्हणजे अळी." मी म्हटलं, "तसंच काहीसं." पण गल्लीत दुरुस्ती करायला ते काही गेले नाहीत. आमच्या घरात त्या किड्यांचं नाव अप्सराच पडलं.

आता मी डब्लिनला असते, ओहायोतल्या. एका मोठ्या कंपनीत बसून कॉम्प्युटरवर आकडे चाळते, आणि किड्यांचा संबंध आला तर स्वयंपाकघरातल्या मुंग्यांशी. अण्णांना जाऊन या पावसाळ्यात तीन वर्षं होतील. पण उन्हाळा आला की मला स्टेट कॉलेज आठवतं, पेन्सिल्व्हेनियातलं माझ्या पीएच.डी.चं गाव, आणि अण्णा माझ्याकडे येऊन राहिले होते ते सहा महिने. इतकी आठवण येते की मीटिंग चालू असताना माझं लक्ष उडतं आणि कोणीतरी विचारतं, "आर यू देअर?" नसते मी. खरंच नसते.

आई गेली त्या वर्षी जानेवारीत. पंधरवड्यानंतर अण्णांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. म्हणाले, हात थरथरतात. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. चाळीस वर्षं ज्या हातांनी मोहरीएवढे स्क्रू बसवले, त्या हातांतून चहाचा कप सांडायला लागला. मी एकुलती एक. मार्चमध्ये जाऊन त्यांना घेऊनच आले. डोक्यात पक्कं होतं, आता परत पाठवायचं नाही. व्हिजावर सहा महिने राहता येतं, पुढे अर्ज करून मुक्काम वाढवू, मग बघू पुढचं पुढे. हे सगळं माझं माझंच चाललं होतं. अण्णांना विचारलं नव्हतं.

आणि ते आले तर काय, दिवसभर खुर्चीत. बाहेर बर्फ, आत अण्णा. जेवा म्हटलं की जेवायचे, चला म्हटलं की चालायचे. बोलणं "हो" आणि "नको" एवढंच. मी मूळची तापट, मला भांडणारा माणूस परवडतो, गप्प बसलेला नाही परवडत. मी लॅबमधून यायची आणि ते सकाळी जिथे बसलेले असायचे तिथेच बसलेले दिसले की मला दारातच रडू यायचं. मग मी भांडी आदळायची.

त्या गावात मी मासे धरायला शिकले ते बसवाल्या काकांमुळे. काका म्हणजे आमच्या कॅम्पस बसचे ड्रायव्हर, साठी ओलांडलेले, लाल नाकाचे. मी जाळी आणि चिखलाच्या बरण्या घेऊन रोज त्यांच्या बसमध्ये चढायची. एकदा त्यांनी विचारलं, बरणीत काय आहे? मी दाखवलं, आणि सिग्नल हिरवा झाला तरी बस हलेना. माणूस पक्का मासेवाला निघाला! ट्राउट मासा हे निम्फ खाऊनच जगतो. मग त्या किड्याची हुबेहूब नक्कल गळावर दोऱ्याने बांधायची, सशाची लव, कोंबडीचं पीस असलं काय काय लावून, आणि ओढ्याच्या तळाशी वाहत सोडायची. माशाला खरा किडा वाटला तर तो धरतो. काकांना मी किडे ओळखायला शिकवलं, त्यांनी मला गळ टाकायला. सकाळची पाळी संपली की दुपारी ते ओढ्यावर, आणि शनिवारी त्यांच्याबरोबर मी.

एप्रिलमधली गोष्ट. मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून गळ बांधत बसले होते. काम काही जमत नव्हतं, दोरा तीनदा तुटला आणि माझ्या तोंडून एक अस्सल शिवी गेली. खुर्चीतून आवाज आला, "मनगट टेकव."

मी वळून बघितलं. अण्णा उठून उभे होते. जवळ आले, माझा हात बाजूला केला, म्हणाले, "असं अधांतरी धरून काय होणार? मनगट टेकव, करंगळी टेकव. सरक." आणि बसले की! खिशातून चष्म्याच्या घरातलं त्यांचं भिंग काढलं. ते डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी कऱ्हाडहून आणलंय हे मला माहीतच नव्हतं. म्हणाले, "काय बनवायचंय? नमुना कुठाय?"

नमुन्यांची आमच्याकडे काय कमी? लॅबमधून अल्कोहोलमधल्या बाटल्या आणून मी टेबलावर रांग लावली. अण्णा एकेक अप्सरा चिमट्याने उचलून बशीत ठेवायचे आणि भिंगातून बघत राहायचे. पाय किती, शेपट्या किती, पोटाला वळ्या किती. आठवडाभर नुसतं बघितलं, मग बांधायला घेतलं. मी श्वास रोखून त्यांच्या बोटांकडे बघायची. मनगट टेकलेलं, करंगळी टेकलेली, आणि बोटं गप्प. चहा घेताना मात्र तशीच थरथरायची.

पहिली अप्सरा पुरी व्हायला नऊ दिवस लागले. पिसाच्या काड्यांना गाठी मारून केलेले सहा पाय, गुडघ्यात वाकलेले. पाठीवर पंखांच्या कळ्या. तीन शेपट्या, केसाएवढ्या. दोन्ही बाजूंना श्वासाच्या झालरी. मी बाटलीतली खरी तिच्याशेजारी ठेवली आणि प्रामाणिकपणे सांगते, मला क्षणभर कळेना कुठली कुठली. बसवाले काका बघायला आले. अण्णांनी आपलं भिंग त्यांना दिलं. काकांनी भिंगातून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मला म्हणाले, "हे पाण्यात टाकायचं? मी तर हे माझ्या बायकोला अंगठीत बसवून देईन." मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णा लाजले. "ड्रायव्हरसाहेबांना चहा विचार," म्हणाले. आई गेल्यानंतर त्यांनी स्वतःहून कोणाला चहा विचारला तो पहिल्यांदा.

आणि मासा काही धरेना.

एक शनिवार गेला, दुसरा गेला. काका गळाला काय लावायचे? सशाच्या लवेचा एक पिंजारलेला बोळा, ना त्याला पाय ना डोकं. त्याला मासे लागत होते. आणि अण्णांची रेखीव अप्सरा माशाच्या नाकासमोरून जायची आणि मासा शिष्टासारखा बाजूला सरकायचा. त्या ओढ्यावर मासा धरून परत सोडायचाच असा नियम, त्यावर अण्णा आधी "ही काय चेष्टा?" म्हणून हसले होते. आता हसेनात. अण्णा ओढ्यावर यायचे नाहीत, घराच्या पायरीवर बसून वाट बघायचे. मी गाडीतून उतरले की विचारायचे, "धरला?" मी मान हलवायची. तिसऱ्या शनिवारी मान हलवली तेव्हा ते आत गेले आणि भिंग चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. "दिसायला घड्याळ आणि चालत नाही," म्हणाले, "असली दुरुस्ती मी कधी गिऱ्हाइकाला दिली नाही." दुसऱ्या दिवशी परत खुर्चीत.

माझा धीर सुटला. मुक्काम वाढवायचा अर्ज भरून तयार होता, फक्त त्यांची सही हवी होती, आणि ते सहीचं नाव काढलं की "बघू" म्हणायचे. मला वाटलं, एक मासा, फक्त एक मासा त्यांच्या अप्सरेला लागू दे, म्हणजे हा माणूस इथे रुजेल. पुढच्या शनिवारी मी परत आले आणि गाडीतूनच ओरडले, "अण्णा, धरला!"

ते ताडकन उठले. "खरं?"

"खरं म्हणजे काय! एवढा होता." मी हाताने कोपरापर्यंत दाखवलं. "पुलाच्या खाली, त्या मोठ्या दगडाशेजारी. काय खेचला म्हणता!"

मी खोटं बोलायला बसले की मनापासून बोलते. माशाच्या अंगावर ठिपके कसे होते, काका काय म्हणाले, सगळं सांगितलं. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "बघू ती." मी डबीतून अप्सरा काढून दिली. त्यांनी भिंग लावलं, उजेडाकडे धरून फिरवून फिरवून बघितलं. "हं," म्हणाले. "छान झालं. चहा टाक."

मी खुशीत आल्याचा चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना ते शांतपणे म्हणाले, "खोटंच बोलायचं होतं, तर निदान एक पाय तरी मोडायचास."

चाळीस वर्षं त्यांनी हेच तर केलं होतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं की घड्याळ हातातून पडलंच नाही, पाण्यात गेलंच नाही, आणि अण्णा मागचं झाकण उघडून दोन मिनिटांत सगळं वाचायचे. त्यांना मी फसवायला निघाले होते!

"माशाला दात असतात ना?" ते म्हणाले. "दोरा एका ठिकाणी तरी विसकटला असता. ही तर मी दिली तशीच आहे."

मग माझं डोकं फिरलं. चोर तो चोर आणि वर शिरजोर, पण मला राहवेना. मी ओरडले, "हो, बोलले खोटं! काय करू मग? तुम्ही दिवसभर त्या खुर्चीत बसता, मला बघवत नाही. तुमची बायको गेली तशी माझी आई पण गेली, मला विचारलं का कुणी? मला तुम्ही इथे हवे आहात, आणि तुम्ही इथे नाहीच आहात!" बोलता बोलता मी भोकाड पसरलं. तिशीची बाई, समोर पोहे, आणि नाक वाहतंय.

अण्णांनी मला रडू दिलं. मग बशी बाजूला सारली. "ओढ्यावर ने मला," म्हणाले.

रविवार होता, काकाही आले. वाटेत दुकानातून अण्णांच्या नावाने पाहुण्यांना मिळतं ते मासेमारीचं लायसन्स काढलं. अण्णा स्वेटर, मफलर आणि पायात माझे रबरी बूट अशा थाटात काठावर उभे राहिले. पाणी काचेसारखं. त्यांनी काकांना खुणेने विचारलं, कुठे असतात? काकांनी वाकून पाण्यातला एक दगड उचलला आणि उलटा करून त्यांच्यासमोर धरला.

दगडाच्या ओल्या पाठीवर पाच-सहा अप्सरा इकडून तिकडे पळाल्या.

अण्णांनी भिंग लावलं. एकेक करत सगळ्या बघितल्या. मग भिंग काढून माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत असताना मार्कशीट बघून बघायचे. "ही हिरवी आहे."

"हो, म्हणजे शेवाळी..."

"तुझ्या बाटलीतली पिवळी होती. पांढुरकी. आणि हिचे पाय बघ, अंगालगत आहेत. श्वास घेतीय ती, झालर हलतीय! तू मला मेलेली दाखवलीस?"

अगं बाई! मी त्या किड्यांवर पीएच.डी. करत होते. अल्कोहोलमध्ये त्यांचा रंग उडतो, पाय आखडतात, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्गात शिकवत होते. आणि अण्णांसमोर मढी मांडून ठेवली होती, नमुना म्हणून. अण्णांनी त्या मढ्यांची इतकी तंतोतंत नक्कल केली की माशाला ते मढंच दिसलं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसून हसून गवतावर बसले. मग अण्णाही हसायला लागले. "डॉक्टरीणबाई!" मला म्हणाले. पुढे कित्येक दिवस तेच नाव चाललं.

त्यानंतर ते रोज ओढ्यावर. एका पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घालून, त्यात दगड ठेवून, गुडघ्यावर बसून जित्या अप्सरा बघायच्या. काका दुपारी येऊन शेजारी बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण "स्प्रिंग", "बॅलन्स", "स्लो" आणि "ओके" एवढ्यावर त्यांच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या, आणि त्या गप्पांत मला कोणी विचारत नव्हतं. नवी अप्सरा बांधताना अण्णांनी गाठींचे पाय टाकून दिले. मऊ पीस घेतलं, पाण्यात हलेल असं. लव विरळ लावली. रंग जुळवायला माझ्या एका शालीचे धागे उपसले, न विचारता. झाली तेव्हा ती काही विशेष दिसत नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, आधीची किती सुंदर होती." ते म्हणाले, "ती तू शोकेसमध्ये ठेव."

जुलैच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी, काकांनी स्वतःची काठी अण्णांच्या हातात दिली. गळ काकांनीच टाकला. दोरीवर एक नारिंगी मणी तरंगत होता, तो बुडला की काठी उचलायची एवढंच अण्णांना सांगितलं होतं. मणी तीनदा वाहत खाली गेला. चौथ्यांदा तो दगडाशेजारी थबकला आणि बुडला. काका ओरडले, मी ओरडले, आणि अण्णा "अरे अरे अरे" करत काठी घेऊन मागे मागे सरकले. मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला. काकांनी तो जाळीत घेतला. सोनेरी पोट, पाठीवर तांबडे ठिपके, वीतभर असेल, कोपराएवढा वगैरे काही नाही. ओठाच्या कडेला अण्णांची अप्सरा.

हात ओला करून अण्णांनी त्याला पाण्यात धरलं. माशाचे कल्ले उघडमिट करत होते. मग तो त्यांच्या बोटांतून निसटून गेला आणि अण्णा हात तसाच पाण्यात ठेवून बसून राहिले. बर्फासारखं पाणी होतं. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, काढा हात, गारठेल." त्यांनी हात वर काढला, समोर धरला, बोटं पसरली. मला म्हणाले, "बघ." बोटं जागची हलत नव्हती. माझ्या आयुष्यात मला इतका आनंद फार कमी वेळा झालाय. मी मनातल्या मनात अर्जावर सही घेऊनसुद्धा टाकली.

घरी आल्यावर त्यांनी माझा फोन मागितला आणि कऱ्हाडला चष्मेवाल्याला लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "माझ्या शटरला जरा तेल घालून ठेवता का? हो, येतोय. सप्टेंबरात उघडतो दुकान."

मी स्वयंपाकघरात उभी होते. माझ्या हातातला डाव खाली पडला. मी किती नि काय बोलले ते इथे लिहिणार नाही, लिहिण्यासारखं नाहीच. एवढ्यासाठी केलं का मी हे सगळं, असंही म्हणाले. ते म्हणाले, "हात चालतायत गं आता." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नंतर त्यांच्याबरोबरचे उरलेले दिवस मोजायची वेळ आली, तेव्हा ते दोन दिवस मला फार महाग वाटले. अजून वाटतात.

काकांनीच आम्हाला एअरपोर्टला सोडलं. सामान देऊन झालं, सिक्युरिटीच्या रांगेपर्यंत मला जाता येणार होतं. काका लांब उभे राहिले. अण्णांनी सदरा इस्त्रीचा घातला होता, बॅग खांद्याला, आणि चेहऱ्यावर दुकान उघडायला निघालेल्या माणसाची घाई. मला राहवलं नाही. मी विचारलं, "अण्णा, खरं सांगा. त्या दिवशी मासा लागलाच नसता, तर राहिला असतात?"

अण्णा कधी खोटं बोलत नसत. त्यांनी थोडा विचार केला.

"राहिलो असतो," म्हणाले. "तसले हात घेऊन मी कुठे जाणार होतो?"

त्यांचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढून त्यांच्या हातात दिला.